पाण्याच्या दिवशीच हम का येतो? रेडिओच्या पॉवर सप्लायचं निदान

हौशी (हॅम) रेडिओवर सकाळी चाळीस मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या, बँडवर तुमचा आवाज स्वच्छ जातो. संध्याकाळी त्याच बँडवर, त्याच अँटेनावर समोरचा म्हणतो, "ओम (मित्रा), ऑडिओत हम (सततची गुणगुण) येतोय." पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबली की रिगच्या, म्हणजे रेडिओ संचाच्या, डिस्प्लेचा उजेड किंचित मंदावतो, सोडली की पुन्हा जैसे थे. मेनच्या विजेतून रिगला डीसी पुरवणारा पॉवर सप्लाय उचलून दुरुस्तीला नेला, तर तिथे टेबलावर तो गुणी बाळासारखा १३.८ व्होल्ट दाखवतो. मेकॅनिक म्हणतो, "काही नाही हो याला, घेऊन जा." घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

अशा परत परत येणाऱ्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा सप्लायच्या डब्याच्या आधी सापडतं, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपर्यंत येणाऱ्या विजेत. नाहीतर डब्याच्या नंतर, म्हणजे रिगपर्यंत जाणाऱ्या तारेत आणि सांध्यांत. डब्याच्या पोटात ते कधीकधी असतं, पण लोक आधी तिथेच हात घालतात. म्हणून स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी वही आणि पेन घ्या.

आधी विचारा: केव्हा?

बिघाड कधी येतो आणि कधी येत नाही, यातच निम्मं निदान असतं. फक्त ट्रान्समिटला येतो आणि रिसीव्हला नाही, तर मामला लोडचा आहे. १०० वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) रिग रिसीव्हवर एक-दीड अँपिअर घेतो आणि पूर्ण ताकदीने ट्रान्समिट करताना २० ते २३. म्हणजे रिसीव्हवर सगळं छान चाललंय यावरून सप्लायबद्दल काहीच कळत नाही. फक्त संध्याकाळी येत असेल तर मेनचा व्होल्टेज बघा. वीस मीटरवर येतो पण चाळीसवर नाही, असं असेल तर आरएफ, म्हणजे तुमच्याच ट्रान्समिशनची रेडिओ ऊर्जा, सप्लायमध्ये शिरतोय. फक्त मे महिन्यातल्या दुपारी येत असेल तर उष्णता. रिसीव्हरमधली खरखर सूर्य मावळला की आपोआप थांबत असेल, तर सप्लायला दोष देऊ नका. गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर बघा, तुमचा नाहीतर शेजाऱ्याचा. एमसीबी कधी पडतो आणि कधी पडत नाही, त्याचंही कारण आहे, ते पुढे येईल.

हे "केव्हा" किती कामाचं आहे ते जुळे सोलापुरातल्या एका मित्राकडे बघायला मिळालं. त्याच्याकडे जुना, भरभक्कम लिनियर सप्लाय: मोठा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, फिल्टर कपॅसिटर, व्होल्टेज स्थिर ठेवणारा ७२३ रेग्युलेटर आयसी आणि हीट सिंकवर करंट वाहणारे चार २एन३०५५ पास ट्रान्झिस्टर. हा डबा अधूनमधून हम द्यायचा. ना वेळ ठरलेली, ना वार. कपॅसिटर बदलून झाले, ७२३ बदलून झाला. शेवटी त्याने हम आला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायला सुरुवात केली. त्या फुल्या बघून त्याची आई म्हणाली, "अरे, हे तर पाण्याचे दिवस की!"

सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, येतं तेही कमी दाबाने, आणि ते सुटलं की गल्लीतली झाडून सगळी घरं एकदम मोटार लावतात. नळाला थेट मोटार लावायला बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ती दार लावून चालते एवढंच. सॉकेटमध्ये खोचायचा साधा डिजिटल व्होल्टमीटर आणून लावला. एरवी २३० च्या आसपास असणारा आकडा पाणी सुटल्यावर १९५ वर आला होता. पीटीटी दाबली, हम हजर. तासाभराने मोटारी बंद झाल्या, आकडा वर चढला, हम गायब. सप्लायमध्ये बिघाड असा काही नव्हताच.

१९५ व्होल्टवर नेमकं काय होतं

आकडेमोड सोपी आहे आणि एकदा समजली की पुढचं सगळं सोपं जातं. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे आउटपुटची वाइंडिंग, १८ व्होल्टची धरू. २३० च्या मेनवर तिचं शिखर १८ गुणिले १.४१४, म्हणजे साधारण २५.४ व्होल्ट. ब्रिजमधले दोन डायोड मिळून त्यातले दोनेक व्होल्ट खातात, उरले २३.४. आता ५० हर्ट्झच्या मेनवर ब्रिजनंतर दर १० मिलिसेकंदाला एक शिखर येतं. दोन शिखरांच्या मधल्या काळात रिगला करंट पुरवायचं काम एकट्या कपॅसिटरचं, आणि तेवढ्या काळात त्याचा व्होल्टेज उतरत जातो. ४७,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि २० अँपिअरचा लोड असेल तर ही घसरण साडेतीन व्होल्टच्या आसपास असते. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये आणखी एखादा व्होल्ट गेला असं धरलं, तरी दरीचा तळ १९ व्होल्टजवळ राहतो.

७२३, ड्रायव्हर, पास ट्रान्झिस्टर आणि एमिटर रेझिस्टर या सगळ्यांना मिळून १३.८ च्या वर तीनेक व्होल्ट शिल्लक लागते. म्हणजे तळ १६.८ च्या खाली जायला नको. २३० वर आपल्याकडे दोन व्होल्ट हाताशी आहेत. आता मेन १९५ करा. शिखर २१.६, डायोडनंतर १९.६, घसरण वजा केली की १६, वाइंडिंग धरून १५ च्या आसपास. रेग्युलेटरला हवे १६.८. झालं! सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेटरचा दम तुटतो आणि १०० हर्ट्झची गुणगुण आउटपुटवर येते, तिथून तुमच्या ऑडिओत. मल्टिमीटर मात्र सरासरी दाखवतो, त्यामुळे तो १३.४ किंवा १३.५ असा निरुपद्रवी आकडा दाखवून तुम्हाला गप्प बसवतो.

जुना कपॅसिटर हीच गोष्ट लवकर घडवून आणतो. ४७,००० चा म्हातारा होऊन ३०,००० वर आला असेल तर घसरण साडेतीनवरून पाच-साडेपाच व्होल्टवर जाते आणि २२० वरही हम येतो. म्हणून मित्राने कपॅसिटर बदलले त्यात चुकीचं काही नव्हतं. हम थोडा कमीही झाला होता.

याची उलटी बाजू मे महिन्यात दिसते. दुपारी लोड कमी असताना मेन २४५ वर गेला की कपॅसिटरवर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जमतो, आणि तो जास्तीचा व्होल्टेज पास ट्रान्झिस्टरांना उष्णता करून उडवावा लागतो. आठ-साडेआठ व्होल्ट गुणिले २० अँपिअर म्हणजे १६०-१७० वॅट, इस्त्रीच्या निम्म्याहून कमी पण हीट सिंकला भरपूर. खोलीतच ४२ अंश असतील तर तो हीट सिंक थंड तरी कशाने होणार? तोच सप्लाय दुपारी तापून थर्मल कटआउटवर बंद पडतो आणि संध्याकाळी गुणगुणतो. दोन वेगळे बिघाड वाटतात, मुळात दोन्हीकडे मेनचाच खेळ.

कुणी म्हणतं, सोलापुरात एवढी वीज असताना व्होल्टेज पडतोच कसा? ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडशी एकरूप झालं, हे खरंच अभिमानाचं आहे. पण त्या लाइनने ग्रिडची फ्रिक्वेन्सी सांभाळली जाते, तुमच्या गल्लीच्या टोकाचा व्होल्टेज नाही. डीपीपासून तुमच्या खांबापर्यंतच्या तारेत तीस मोटारींचा करंट गेला की व्होल्टेज तिथेच गळतो. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांना हे रोजच अनुभवायला मिळतं. कारखान्याला सुट्टी असते त्या दिवशी त्यांचा सप्लाय झकास चालतो. तुलना करायला तो दिवस उत्तम.

मग करायचं काय

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पाण्याच्या वेळेत पॉवर १०० वरून ५० वर आणणं. समोरच्याला अर्ध्या एस युनिटचा (सिग्नल मोजायच्या एककाचा) फरक पडतो आणि तुमचा करंट बराच खाली येतो. लोकांना हे कमीपणाचं वाटतं, त्याला इलाज नाही. ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीवर (मेनच्या बाजूच्या वाइंडिंगवर) २१० किंवा २०० चा टॅप असेल तर तो वापरून बघता येईल, पण मग दुपारच्या २४५ ला उष्णता आणखी वाढणार. सोलापुरात मी हा उपाय सुचवणार नाही. रिलेवाला स्टॅबिलायझर टॅप बदलताना खट् करून झटका देतो, बोलता बोलता तो झटका ऑडिओत जातो. सर्व्हो स्टॅबिलायझर चांगला, पण त्याच्या किमतीत चांगला एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) येतो, आणि बरेच एसएमपीएस १८० ते २६४ व्होल्ट हसत झेलतात.

माझं मत विचाराल तर बॅटरी. घरातली ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटरी १३.५ ते १३.८ वर फ्लोट (कायम चार्जरला जोडून भरलेली) ठेवायची आणि रिग तिच्यावर चालवायचा. ट्रान्समिटचे २० अँपिअर बॅटरी देते, चार्जर निवांत पाच-सहा अँपिअरने भरत राहतो, मेन १९५ असो की २४५. फक्त लिनियर सप्लाय थेट बॅटरीला जोडू नका. वीज गेली की बॅटरी उलट दिशेने रेग्युलेटरमध्ये करंट ढकलते आणि पास ट्रान्झिस्टर किंवा ७२३ जाऊ शकतो. मध्ये दणकट शॉट्की डायोड टाका आणि त्याचा अर्धा व्होल्ट भरून निघेल इतका सप्लाय वर सेट करा. आणि बॅटरीच्या प्लस टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज. शॉर्ट झालेल्या बॅटरीला फोल्डबॅक (करंट आपोआप कमी करणं) वगैरे काही माहीत नसतं.

तार आणि सांधे

मेन ठीक आहे, सॉकेटवर २२५ दिसतोय, तरी ट्रान्समिटला रिगचा व्होल्टेज पडतोय. मग सप्लाय सोडून द्या आणि तार मोजा. सप्लाय ते रिग तीन मीटर अंतर असेल तर करंटला जाऊन-येऊन सहा मीटर तांबं लागतं. दीड स्क्वेअर एमएमच्या तारेत २० अँपिअरला जवळजवळ १.४ व्होल्ट जातात, अडीचमध्ये ०.८, सहाच्या तारेत ०.३५. बहुतेक रिगना १३.८ च्या १५ टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ११.७ ही खालची हद्द. १.४ तारेत, अर्धा फ्यूज होल्डरमध्ये, थोडा सप्लायच्या सॉकेटमध्ये गेला की हद्द फार लांब राहत नाही. घराच्या वायरिंगमधली उरलेली दीडची तार शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) वापरायची आपल्याकडे फार आवड आहे.

मोजायची पद्धत अशी. रिगला अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, म्हणजे हवेत उगाच काही जाणार नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब सप्लायच्या प्लस टर्मिनलवर आणि दुसरा रिगच्या पाठीमागच्या प्लस पिनवर धरा. एफएम किंवा सीडब्ल्यूवर (मोर्सच्या मोडवर) दहा सेकंद की दाबा. मीटरवर जो आकडा येईल तोच प्लसच्या वाटेवरचा तोटा, वजाबाकीची गरज नाही. मग मायनसची वाट मोजा, ती बहुतेक जण विसरतात. मग फक्त फ्यूज होल्डरच्या दोन टोकांमध्ये मोजा. ब्लेड फ्यूजवर २० अँपिअरला ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर होल्डरच्या पत्त्या सैल आहेत. काचेच्या फ्यूजचा होल्डर असेल तर मोजूही नका, बदलून टाका. सप्लायच्या पुढच्या बाजूचं सिगारेट लायटरचं सॉकेट साधारण दहा अँपिअरच्या लायकीचं असतं. १०० वॅटच्या रिगसाठी मागची मोठी टर्मिनलं आहेत.

रिग न वापरता सप्लाय तपासायचा असेल तर गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे बल्ब आणा. १३.८ वर एक बल्ब साधारण पाच अँपिअर घेतो, चार समांतर जोडले की वीस. एकेक करून जोडा, कारण थंड फिलामेंट क्षणभर कितीतरी पट करंट ओढतं आणि चारही एकदम लावले तर धडधाकट सप्लायसुद्धा प्रोटेक्शनमध्ये जातो. फरशीवर ठेवा, प्लास्टिकच्या टेबलावर नको. आणि ही चाचणी दुपारी बारा वाजता करून समाधान मानू नका. हम ज्या वेळी येतो त्याच वेळी करा, पाण्याच्या दिवशी तर नक्कीच.

रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, मोजताना एक सावधगिरी. स्वस्तातला पिवळा मल्टिमीटर एसीवर ठेवून डीसी आउटपुटला लावला तर काही मीटर एका दिशेने तीसच्या आसपास आकडा दाखवतात आणि प्रोब उलटे केले की शून्य. तो रिपल नव्हे, मीटरच्या आत साधा एक डायोड असल्याचा परिणाम. त्यात या मीटरची सगळ्यात खालची एसी रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर मिलिव्होल्ट दिसणारच नाहीत. मिलिव्होल्टची एसी रेंज असलेला मीटर कुणाकडून तरी मागून आणा. पूर्ण लोडवर चांगल्या लिनियरचा रिपल काही मिलिव्होल्ट असतो. शेकड्यांत गेला तर रेग्युलेटरचा दम तुटतोय.

डबा उघडायचाच असेल तर

प्लग काढा, आणि काढल्यावरही लगेच हात घालू नका. लिनियरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळवण्याइतकी ऊर्जा असते. एसएमपीएसच्या प्रायमरी कपॅसिटरवर तर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात, तिथे टोक वितळणं हा सगळ्यात कमी त्रासाचा परिणाम. दोन-अडीच किलोओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी लावून सावकाश डिस्चार्ज करा, मग मीटरने शून्य आहे याची खात्री करा. एसएमपीएसच्या प्रायमरीची सवय नसेल तर झाकण पुन्हा लावा आणि जाणकाराकडे द्या.

लिनियरमध्ये नजर टाकायची पहिली जागा म्हणजे ब्रिज रेक्टिफायर. धातूच्या चौकोनी बुडाचा, चार पिनांचा, बहुधा केबीपीसी३५१०. त्याच्या पिनांवर दाबून बसवलेले लग (तारांच्या टोकांचे धातूचे जोड) बारकाईने बघा. पांढरी प्लास्टिकची बाही पिवळी-तपकिरी पडली असेल, लगच्या पितळेचा रंग जाऊन जांभळट-काळा झाला असेल, आणि चिमट्याने हलवल्यावर तो पिनवर सैल फिरत असेल, तर अर्धं दुखणं सापडलं. सैल लग तापतो, तापला की आणखी सैल होतो. नवीन लग क्रिंप करून वर सोल्डर मारा, किंवा तार थेट पिनला सोल्डर करा. ब्रिजच्या बुडाखाली पेस्ट सुकून पावडर झाली असेल तर तीही बदला.

मग पास ट्रान्झिस्टर. प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहमचा रेझिस्टर असतो. बल्बांचा लोड लावून चारही रेझिस्टरांवरचा व्होल्टेज मोजा. काम सारखं वाटलं गेलं असेल तर २० अँपिअरला प्रत्येकावर अर्धा व्होल्ट येईल. एकावर शून्य आणि बाकी तिघांवर ०.६५ च्या पुढे असेल, तर एक ट्रान्झिस्टर संपावर गेलाय आणि बाकीचे त्याचं काम ओढताहेत. असा सप्लाय हिवाळाभर चालतो आणि एप्रिलमध्ये पडतो. त्यातला एखादा शॉर्ट झाला की आउटपुटवर थेट वीस-बावीस व्होल्ट येतात, आणि क्रोबार (जास्त व्होल्टेज येताच आउटपुट शॉर्ट करणारं संरक्षण) नसेल तर रिगची राख. म्हणून दुरुस्तीनंतर आधी रिगशिवाय आउटपुट मोजायचा, मग बल्ब, मग रिग.

दुरुस्त केलेला डबा पहिल्यांदा मेनला लावताना सिरीज लॅम्प वापरा. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब सप्लायच्या फेजमध्ये सिरीजला. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि तुमचा फ्यूज वाचला. यावर लोड मात्र लावू नका.

मोठ्या टोरॉइड ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय चालू करताना एमसीबी कधी पडतो, कधी नाही, याचं कारण स्विच मेनच्या लाटेच्या कोणत्या क्षणी बंद झाला ते आपल्या हातात नसतं, आणि त्या क्षणानुसार सुरुवातीचा करंट कमी-जास्त उसळतो. बी कर्व्हचा एमसीबी तीन ते पाच पट करंटला तत्काळ पडतो, सी कर्व्हचा पाच ते दहा पटीला. वायरमनला सांगून सी बसवा किंवा प्रायमरीत सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा करंट आवरणारं सर्किट) घाला. एमसीबीचं रेटिंग वाढवणं हा उपाय नाही. तो भिंतीतल्या तारेच्या रक्षणाला बसवलेला असतो.

ठरावीक बँडवर वेडं होणारा सप्लाय

बोलताना व्होल्टमीटरचा काटा नाचतो, कधी सप्लाय बंदच पडतो, पण डमी लोडवर काहीच होत नाही. हा आरएफ. अँटेनाच्या कोअ‍ॅक्सची बाहेरची जाळी आरएफ शॅकमध्ये परत आणते आणि ७२३ सारख्या आयसीला तो व्होल्टेज वाटतो. आधी अँटेनाच्या फीडपॉइंटवर (केबल अँटेनाला जोडतो तिथे) आरएफ अडवणारा चोक बसवा, मग डीसी तारेला फेराइटच्या रिंगमधून सहा-सात वेढे द्या, मग सप्लायच्या आउटपुट टर्मिनलवर ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, अगदी आखूड पायांचा. लोक उलट्या क्रमाने करतात, कारण कपॅसिटर स्वस्त आणि गच्ची उंच.

एसएमपीएसचा त्रास वेगळा, तो रिसीव्हरमध्ये ऐकू येतो. ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये ठरावीक अंतराने शिट्ट्या किंवा फुगीर गुरगुर, आणि ती सावकाश सरकत असेल तर कुठल्यातरी स्विचिंग सप्लायची. तो तुमचाच आहे का हे शोधायला रिग बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच पाडा. आवाज गेला तर घरातच. मग एकेक एमसीबी चढवत जा. सप्लाय निर्दोष निघून एलईडी बल्ब किंवा मोबाइलचा चार्जर दोषी ठरणं अगदी नेहमीचं. होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी ही चाचणी गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत करू नये. तेवढी रोषणाई चालू असताना कुणाला दोषी धरणार?

एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारे "१२ व्होल्ट, २९ अँपिअर" असे ३५० वॅटचे जाळीदार सप्लाय बरेच जण रिगला लावतात. व्होल्टेजचा पॉट (छोटा स्क्रू) फिरवून १३.८ मिळतात, पण वॅट तेवढेच राहतात, म्हणजे करंट २५ वरच थांबवायला हवा. आउटपुटचे कपॅसिटर पुष्कळदा १६ व्होल्टचे असतात, १३.८ वर आणि आपल्या उन्हाळ्यात ते लवकर फुगतात. बाजूचा ११५-२३० निवडायचा छोटा स्विच असतो, तो ११५ वर राहून गेला तर चालू करताच धडाका.

आणि पंखा. यंत्रमागाच्या परिसरात हवेत सुताचे बारीक तंतू असतात. ते पंख्याच्या जाळीवर साचून राखाडी नमद्यासारखा थर होतो. पंखा फिरतोय असं ऐकू येतं, पण हवा जात नाही. सप्लाय वीसेक मिनिटांनी थर्मलला बंद पडतो, गार झाला की चालू. ब्रशने थर काढा, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

इन्व्हर्टरवर गेला की हम

लोडशेडिंगला रिग घरच्या इन्व्हर्टरवर घेतला आणि लिनियर सप्लाय गुणगुणू लागला, याचं कारण वरच्याच आकडेमोडीत आहे. साध्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर मीटर २२० दाखवेल, पण लाटेचं शिखरही २२० च्याच आसपास असतं, साइन वेव्हसारखं ३११ नसतं. सेकंडरीचं शिखर २५ ऐवजी १७-१८, आणि रेग्युलेटर उपाशी. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, नाहीतर त्याच्याच बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट काढा. डीसीचं एसी आणि परत डीसी करायची हौस कशाला?

एका लक्षणावर थांबायचं नाही

शेजाऱ्याची मोटार सुरू झाल्यावर तुमच्याकडे दिवे मंद झाले तर लाइन कमजोर आहे. पण ते उलट जास्त प्रखर झाले, सॉकेटवर २६०-२७० दिसले, तर खांबावरचा किंवा मीटरजवळचा न्यूट्रलचा सांधा सैल आहे. न्यूट्रल पूर्ण तुटला तर काही घरांत व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकतो आणि त्यापुढे कुठलाही सप्लाय टिकत नाही. याला कपॅसिटर, फेराइट, स्टॅबिलायझर काही चालत नाही. न्यूट्रल ते अर्थ मोजा. एक-दोन व्होल्ट नेहमीचे, मोटार लागल्यावर दहा-पंधरा झाले तर शंका पक्की. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो, तेव्हा त्यात पाणी घालून मगच हे माप घ्या, नाहीतर आकडा फसवेल.

१९१२ वर महावितरणला तक्रार करताना "व्होल्टेज कमी-जास्त होतो" एवढंच सांगू नका. तारीख, वेळ, त्या वेळचा सॉकेटवरचा आकडा, आणि दिवे प्रखर होतात हे आवर्जून सांगा. खांबाचा नंबर वाचता येत असेल तर तोही द्या. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. लाइनमन येऊन सांधा घट्ट करेपर्यंत रिग, सप्लाय आणि फ्रिज या तिन्हींचे प्लग काढलेले बरे.